सोनीची चाई

आमी मूळचं उंब्रजचं. वडलांनी पारावर बसून गावाची डोकी केली, मी हायवेच्या कडंला केस कापायचं दोन खुर्च्यांचं दुकान टाकलं, एवढाच काय तो फरक. सोनी माझी एकुलती एक लेक. तिचं केस म्हंजे काय सांगू तुमाला, कमरंपतुर, आन् तिची आई, मंगल, रोज सकाळी उंबऱ्यात बसून दोन वेण्या घालायची, लाल रिबनी लावून.

तिसरीत होती तवा मंगलनं हाक मारली, आवं, जरा बघा की हितं. कानामागं रुपयाएवढी जागा गुळगुळीत, एक केस न्हाई. चाई. मी म्हनलं, घाबरू नगंस, असल्या चाया मी लय बघितल्यात. व्हय, बघितल्या हुत्या, पन दुसऱ्यांच्या. वडील करायचं तसंच मी केलं, वस्तऱ्यानं जागा खरवडायची आन् लसूण चोळायचा. पोरगी खुर्चीत बसल्याली, मुठी आवळून. आबा, लय चुरचुरतंय, म्हनली. मी म्हनलं, थोडं सोस बाळा, केस येत्याल. दुसऱ्या दिवशी फोड आलं, पू झाला, डोकं उशीला चिकटायचं. माझ्या हातानं झालं ते. माझ्याच हातानं.

आन् चाई काय थांबली न्हाई. बघता बघता निम्मं डोकं गेलं. शाळेत पोरी शेजारी बसंनात, आमाला बी हुईल म्हनून. मग सांगलीला नेली, कातडीच्या डॉक्टरीण बाईंकडं. त्यांनी विचारलं, हे व्रण कशाचं? मंगल खाली बघाय लागली. मी म्हनलं, माझ्या हातचं हायत. बाई रागावल्या न्हाईत, त्येच लय लागलं. म्हनल्या, हे कुनाचं कुनाला लागत न्हाई, पोरीची काय चूक न्हाई, तिचं शरीरच केसांवर उठलंय. पन वस्तरा परत लावू नका.

मग महिन्याच्या महिन्याला सुया, डोक्याच्या कातड्यात, एका खेपंला वीस-पंचवीस. सोनी माझा अंगठा धरायची, रडायची न्हाई, नखं रुतवायची. येताना एष्टीत खांद्यावर झोपायची. केस आलं, आदी पांढरी लव, मग काळं. मंगलनं पेढं वाटलं. सातवीत केस परत गेलं, भुवयांसकट.

परत सांगलीला निघालो तर सोनी दारातनं हलंना. म्हनली, आबा, सुया बास आता. दुखतंय म्हनून न्हाई, तुमी सारखं माझ्या डोक्याकडंच बघता, माझ्याकडं कवा बघनार? एष्टी गेली. बाईंना फोन केला, त्या म्हनल्या, तिच्या मनानं घ्या.

मग एक दिवस दुकानात आली, डोक्याचा रुमाल सोडला, राहिलेल्या चार झुलपांकडं आरशात बघत म्हनली, हे काढा. मी म्हनलं, वस्तरा न्हाई लावायचा. मग मशीन लावा की, म्हनली. मी मशीन लावलं, कानामागच्या जुन्या व्रणाच्या कडंनं जपून. झालं तवा तिनं डोक्यावरनं हात फिरवला आन् खुदकन हसली, आबा, वारं लागतंय की!

आता अकरावीला कराडला जाती. कवा रुमाल बांधती, कवा न्हाई. परवा सोनी दुकानात वाचत बसल्याली, तवा एका गिऱ्हाइकानं मला हळूच विचारलं, पोरगी आजारी हाय का वं? मी तोंड उघडायच्या आत सोनीच म्हनली, न्हाई मामा, मी बरी हाय. बसा तुमी. आन् पुस्तकात डोकं घातलं.

तुमी हे लिवून घेताय न्हवं, तर तुमी बी तसंच लिवा, बरी हाय म्हनून. देवानं तिला अशीच ठेवावी.