कापशी नावाच्या कुत्रीच्या ताब्याबद्दल

‘कुत्री नक्की कुणाची?’ हवालदार बसवंत यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मला देता येत नाही. ती ओळ मोकळी सोडून बाकीचे लिहून देत आहे.

माझे नाव पवित्रा ज्योतिबा खोत, वय २३, शिक्षण बी.ए., राज्यशास्त्र. धंदा, बुजरी कुत्री सांभाळून त्यांना माणसांत आणणे. मूळ राहणार तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. सध्या राहणार यशवंतपूर, घाऊक बाजाराच्या मागे, रत्नाबाई यांच्या घरातील मागची खोली, बंगळूर. छापील कागदावर धंद्यापुढे हवालदारांनी आधी ‘काही नाही’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. शिक्षण त्यांनी विचारले नव्हते, ते मी सांगितले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली आहे.

मला कन्नड बोलता येते, लिहिताना चुका होतात. हवालदार निपाणीकडचे असल्यामुळे त्यांना मराठी वाचता येते. म्हणून हा जबाब मी माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे. कन्नड गोषवारा ते सोबत जोडणार आहेत.

ठाण्यात स्वतः हजर राहून मी सांगते की, देवनहळ्ळी रस्त्यावर जखमी आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांचे एक केंद्र आहे. तिथली जी कुत्री फार घाबरलेली असतात, ती काही महिने माझ्या खोलीवर राहतात. ती माणसांना सरावली की केंद्र त्यांना घर शोधून देते. कुत्रे दुसऱ्याच्या घरी नांदले तरच आपले काम झाले, ते आपले करून घ्यायचे नाही, हा माझा नियम आहे. काम शिकायला नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी तो पहिल्याच दिवशी सांगते.

कापशी ही पांढरी, डाव्या कानाला चीर असलेली, अंदाजे तीन वर्षांची गावठी कुत्री आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात ती एका गोदामामागे सापडली. तिला कोणीतरी काठीने मारले होते. कोणी ते कळले नाही. काठी, छत्री, केरसुणी, पुरुषाच्या हातातले गुंडाळलेले वर्तमानपत्र, यांपैकी काहीही दिसले की ती जागच्या जागी मुतत असे आणि भिंतीत शिरायला बघत असे.

माझी कामाची रीत अशी. बुजऱ्या कुत्र्याकडे बघायचे नाही. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि एका सुरात काहीतरी मोठ्याने वाचायचे. खाणे आपल्या मागे ठेवायचे आणि विसरून जायचे. त्याला वाटेल तेव्हा ते येते. मी माझी बी.ए.ची पुस्तके वाचत असे. कापशीने मूलभूत हक्क अनेकदा ऐकलेले आहेत.

तिच्यासाठी मी खोलीतली केरसुणी काढून टाकली आणि वाकून फडक्याने केर काढू लागले. छत्री वापरणे सोडले. रत्नाबाईंची कपडे वाळत घालायची काठी मी त्यांना माडीवर ठेवायला लावली. त्यावर रत्नाबाई म्हणाल्या होत्या, “स्वल्प तरी डोकं वापर ग पवित्रा. कुत्रीला काठी दिसू नये म्हणून सगळी गल्ली रिकामी करणार काय?” मी हसून सोडून दिले. त्यांना या कामातले काही कळत नाही असे माझे मत होते.

हळूहळू कापशी माझ्या पाठीला पाठ लावून झोपू लागली. माझ्याशिवाय कुणाच्याही हातून ती खात नाही, असे मी केंद्रात सांगितले तेव्हा सर्वांनी कौतुक केले. मीही ते कौतुक म्हणूनच घेतले. पुढे तिच्यासाठी दोन घरांतून विचारणा झाली. दोन्ही वेळा मी ‘अजून तयार नाही’ असे कळवले.

ज्यांच्याविरुद्ध माझी तक्रार होती त्या मैत्रेयी, वय अंदाजे २७, मूळ राहणार पुणे, सध्या राहणार सर्जापूर रोड, संगणक कंपनीत नोकरी. गेल्या दिवाळीपासून त्या दर रविवारी स्वतःच्या स्कूटरवरून माझ्याकडे काम शिकायला येत. पहिल्या दिवशी चटईवर बसण्याआधी त्यांनी रुमाल अंथरला. त्या इंग्रजीतली दोन पुस्तके वाचून आल्या होत्या आणि त्यांत लिहिलेले बरोबर होते. त्यांच्या अंगाला कसल्यातरी चांगल्या साबणाचा वास येत असे. शिकवणारी मी असून मी त्यांना ‘अहो ताई’ म्हणत असे आणि त्या मला ‘अगं पवित्रा’ म्हणत. हे जबाबात लागत नाही असे हवालदार म्हणाले. मी ठेवले आहे.

मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न होते. मी कापशीला सर्जापूर रोडला नेऊन मैत्रेयी यांच्याकडे सोडले. सोबत माझी जुनी ओढणी दिली, म्हणजे तिला वास ओळखीचा राहील. आठवड्याभरात येते असे सांगितले होते. परंतु लग्नानंतर माझी आई आजारी पडली आणि मला जूनच्या अखेरीपर्यंत गावी राहावे लागले.

गावातल्या एसटीडी बूथवरून मी फोन करत असे. पहिल्या वेळी मैत्रेयी म्हणाल्या की ती काही खात नाही, तुझ्या ओढणीवर बसून दाराकडे बघते. मला काळजी वाटायला हवी होती. पण त्या रात्री, लग्नघरात इतका गोंधळ असूनही, मला चांगली झोप लागली. नंतरच्या फोनवर त्या म्हणाल्या की आज तिने अर्धी पोळी खाल्ली. त्यानंतरच्या फोनवर, की आज ती अजितच्या हातून खाऊ लागली. अजित हे त्यांचे भाऊ. पुरुषाच्या हातून. मी ‘अरे वा’ म्हटले आणि जवळचे पैसे संपत आले असे सांगून फोन ठेवला. पैसे संपत आलेले नव्हते. पुढे मी फोन कमी केले.

बंगळूरला उतरल्यावर मी खोलीवर न जाता सामानासकट थेट सर्जापूर रोडला गेले. त्यांच्यासाठी लग्नातल्या लाडवांचा डबा आणला होता. दार अजित यांनी उघडले. कापशी त्यांच्या मागून आली. तिने मला ओळखले. शेपटी हलवली, माझे मनगट चाटले, पिशवी हुंगली. नंतर ती आत जाऊन मैत्रेयी यांच्या खुर्चीखाली बसली. पाहुण्याला ओळख द्यावी तशी तिने मला ओळख दिली. तिच्या कानाला त्यांच्या साबणाचा वास येत होता. माझी ओढणी कुठे दिसली नाही. विचारल्यावर मैत्रेयी म्हणाल्या, धुवायला टाकली आहे.

मी कापशीला घेऊन जायचे म्हटले. तेव्हा मैत्रेयी दारात उभ्या राहिल्या. त्यांचे शब्द मला आठवतात तसे देत आहे. “पवित्रा, प्लीज असं बघू नकोस ना. ती आत्ता कुठे सेटल होतेय. तूच म्हणतेस, कुत्रं आपलं करून घ्यायचं नाही.”

मी म्हटले, “मी म्हणते ते सगळ्या कुत्र्यांसाठी म्हणते. कापशीसाठी म्हटलं नव्हतं.”

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या म्हणाल्या की आपण केंद्राला विचारू. मी म्हटले, मी पोलिसांना विचारते. लाडवांचा डबा मी परत आणला.

दुसऱ्या दिवशी या ठाण्यात मी तक्रार दिली की, विश्वासाने सांभाळायला दिलेली माझी कुत्री सदर मैत्रेयी परत देत नाहीत. ‘माझी कुत्री’ हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिले. हवालदार म्हणाले, “चोरीच्या सायकली येतात ओ आमच्याकडं, टीव्ही येतात. कुत्रीला पावती कुठनं आणू?” तरी त्यांनी तक्रार घेतली आणि मैत्रेयी यांना आज कुत्रीसह बोलावले.

आज दुपारी तीनच्या सुमारास मैत्रेयी कापशीला रिक्षातून घेऊन आल्या. कापशीच्या गळ्यात मी वळलेली सुती दोरीच होती. पट्टा का नाही घातला, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “हिची सवय आहे ना तिला. तू बांधलेली.” हे ऐकून मला राग यायचे कारण नव्हते. आला.

हवालदारांचे म्हणणे पडले की साक्षीदार एकच आहे आणि तो बोलत नाही, तर चालवून बघू. ठाण्यामागच्या फरशीच्या अंगणात एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मैत्रेयी, मधे कापशीला धरून ते स्वतः. कुत्री जिच्याकडे जाईल तिची. मी लगेच हो म्हटले. मैत्रेयी म्हणाल्या की असं ठरवू नये, पण शेवटी त्याही उभ्या राहिल्या.

हवालदारांच्या काखेत लाठी होती. मी त्यांना ती दूर ठेवायची विनंती केली. त्यांनी ती भिंतीला टेकवली. ती घसरली आणि फरशीवर मोठा आवाज करत कापशीच्या समोर पडली. दोरी हवालदारांच्या हातून सुटली.

मी फाटक लावायला धावले. माझ्या हिशेबाने ती आता रस्त्यावर जाणार आणि ट्रकखाली सापडणार. फाटकाला कडी घालून मागे बघितले तर ती पळालेली नव्हती. अंग आखडून, कान मागे घेऊन उभी होती. तिने एकदा वळून मैत्रेयी यांच्याकडे बघितले. मैत्रेयी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, माझ्या रीतीने. मग कापशी लाठीजवळ गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने लाठी हुंगली आणि तिच्याशेजारी बसली. काहीतरी मिळायचे बाकी असल्यासारखी बसली. मैत्रेयी यांनी न वळता ओढणीच्या गाठीतला बिस्किटाचा तुकडा काढून मागे टाकला. ओढणी माझी होती. धुतलेली.

मी विचारले, “हे कधी शिकवलंत?”

त्या म्हणाल्या, “शिकवलं असं काही नाही गं. फरशी पुसायचा दांडा जमिनीवर ठेवायचे, जवळ बिस्किट, आणि पाठ करून बसायचे. तुझंच आहे सगळं. वाचायला तेवढं काही सुचेना, म्हणून कंपनीचे मॅन्युअल वाचायचे. तू दांड्यापर्यंत आली नव्हतीस का?”

त्यांनी हे टोचून विचारले नाही. त्यांना खरोखरच माहीत नव्हते. मी सांगितले की आमच्या खोलीत दांडा नव्हता.

हवालदार लाठीकडे आणि कुत्रीकडे बघत राहिले. म्हणाले, “आता काय लिहू? कुत्री लाठीकडं गेली, लाठी सरकारी, म्हणून कुत्री सरकारजमा?” मैत्रेयी हसल्या. मलाही हसू आले, ते मी आवरले.

यानंतर कापशी माझ्याकडे आली. माझ्या पायाशी बसली नाही, अंगणात फिरता फिरता आली. हवालदारांच्या बुटांकडेही तशीच गेली. मी तिला इतके महिने सांभाळले, पण माझ्या खोलीत तिला अशी फिरताना मी पाहिली नव्हती. माझ्या खोलीत ती माझ्या मागे असे, नाहीतर भिंतीला.

सदर मैत्रेयी यांनी मला फसवले नाही, धमकावले नाही, कुत्रीचे हाल केले नाहीत. त्यांनी जे केले ते माझ्याकडून शिकून केले, आणि जे मी केले नाही तेही केले. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला. हवालदारांना वाटले मी झोपले.

जबाब लिहायला बसण्यापूर्वी मी पुढीलप्रमाणे केले आहे. कापशीची दोरी उचलून मैत्रेयी यांच्या हातात दिली आणि गाठ कशी सोडायची ते दाखवले. तिला घर मिळाले, असे केंद्राला समोरच्या दुकानातून फोन करून कळवले. मैत्रेयी यांनी ओढणी परत देऊ केली, ती घेतली नाही. त्या म्हणाल्या, “रविवारी येऊ ना मी?” मी म्हटले, “या, पण एकट्या या.” मग म्हटले, “नाही, तिलाही आणा.” पिशवीत राहिलेला लाडवांचा डबा त्यांना द्यायचा होता, परंतु तोपर्यंत तो हवालदारांनी संपवला होता. रिक्षा निघाली तेव्हा कापशी बाहेर बघत होती. कुठे बघत होती ते इथून दिसले नाही. माझी तक्रार मी मागे घेतली असून त्यावर सही केली आहे.

वरचा सगळा मजकूर मी हवालदारांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी त्यांचा कन्नड गोषवारा मला वाचून दाखवला. तो फार लहान आहे, पण त्यात खोटे काही नाही. माझाही जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे. पहिली ओळ मोकळी राहिली तरी चालेल, असे ते म्हणतात.

गोषवारा लिहून होईपर्यंत मला चहा पिऊन या म्हणून पाठवले होते, तेव्हा मी चहा न पिता बाजारातून एक केरसुणी घेऊन आले. लांब दांड्याची. ती आता बाकाला टेकून ठेवली आहे. हवालदारांनी विचारले, ठाणं झाडणार काय? मी सांगितले की सोमवारी केंद्रातून नवीन कुत्रा येतो आहे, त्याला खोलीत शिरताना ती दिसली पाहिजे.

सही, पवित्रा ज्योतिबा खोत, बी.ए.
यशवंतपूर, बंगळूर. जुलै १९९७.