सारजाबाईंच्या दहाव्याचे भाषण

(लासुर्णे. नवव्या दिवसाची दुपार. माजी राज्यमंत्री मल्हारराव, त्यांची मुलगी मनिषा आणि निवृत्त शिक्षक गंगाराम गुरुजी.)

गुरुजी : नाही आबा. तिसऱ्यांदा सांगतो, हे भाषण मी लिहिणार नाही.

मल्हारराव : एका पानाचं काम हाय, गुरुजी. तीस वर्षं तुमी लिहिलं, आमी बोललो. कोऱ्हाळ्यापासनं भिगवणपतुर एकबी दहावं सोडलं न्हाय. आन् आता माझ्या घरचं दहावं उद्यावर आलं, तर तुमी कोरा कागद माझ्याकडं सारता?

गुरुजी : सारतो, कारण ती वाक्ये परक्या माणसांविषयी होती. छप्पन साली धम्म घेतल्यापासून आमच्या घरात दहावे नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही मी लिहीत आलो. गेलेल्या माणसाविषयी नीट बोलले जावे, एवढीच माझी इच्छा असे. परंतु जिच्याशी चाळीस वर्षे संसार केला, तिच्याविषयी नवऱ्याने दुसऱ्याची वाक्ये म्हणावीत, हे मला मान्य नाही.

मल्हारराव : तुमचं मान्य-अमान्य परवा बघू. उद्या नदीवर दोन-तीन हजार माणूस येईल. इलेक्शनला पडलेल्या माणसाच्या दारात एवढं माणूस पुन्हा जमत न्हाय. रणजित म्हणतोय, आबा, तुमी बोलाच, आन् शेवटाला माझं नाव घ्या. झेडपी तोंडावर आलीय.

मनिषा : मी दादाला सकाळीच म्हटलं, आईच्या पिंडासमोर उमेदवारी जाहीर करू नका. तर म्हणतो, तू बारामतीला नोकरी कर, तुला यातलं कळत नाही.

मल्हारराव : तुला कळत न्हायच. माझ्या हातात काय होतं गं? ना कारखाना, ना कॉलेज, ना बापाचं नाव. बाप मेंढरं राखायचा. दुसऱ्याच्या मरणाला गेलो, म्हणून लोकांत मोठा झालो. त्याच्यावरच झेडपी झाली, दोनदा आमदार झालो, अडीच वर्षं लाल दिवा मिळाला. गुरुजींना विचार.

गुरुजी : खोटे नाही ते. दुःखात पहिली गाडी आबांची येई, हे लोक विसरले नाहीत.

मल्हारराव : भिगवणला तर एका सकाळी दोन दहावी होती. कागदांची अदलाबदल झाली. म्हातारीला मी म्हणालो, तालमीतला शेर गेला. एक माणूस हसलं न्हाय. सून तर जास्तच रडली. आन् त्याच गावानं सातशेचं लीड दिलं.

मनिषा : आईलाही तुम्ही तो किस्सा सांगितला होता. ती दोन दिवस त्या घरच्यांची माफी मागायला जा म्हणत होती.

मल्हारराव : ते मला आठवत न्हाय.

गुरुजी : असे करू. मृताच्या घरी जाऊन मी जे प्रश्न विचारत असे, तेच तुम्हाला विचारतो. उत्तरे मिळाली, तर आत्ता लिहून देतो. वहिनींचे माहेर?

मल्हारराव : नातेपुत्याजवळची वस्ती. बापाच्या मेंढरांमागं कोकणापतुर चालत जाऊन आलेली बाई. लिहा.

गुरुजी : लिहिले. त्यांना आवड कशाची होती?

मल्हारराव : आवड म्हणजे?

गुरुजी : काय खायला आवडे, कुठे जायला आवडे, कशात मन रमे.

मल्हारराव : ती जेवायची सगळ्यांच्या माघारी. दारात रोज पन्नास माणूस. तिच्या ताटात काय असायचं, मी कवा बघितलं? मनिषा, तू सांग.

गुरुजी : मनिषाने सांगायचे नाही. आजार केव्हा कळला?

मल्हारराव : आखाडात.

मनिषा : फाल्गुनात, आबा. आखाडात तुम्हाला कळला.

मल्हारराव : चार महिने? मला कुणी बोललं कसं न्हाय?

मनिषा : तिनं शपथ घातली होती. म्हणाली, ते नुकते पडलेत, त्यांच्या डोक्याला आणखी एक नको. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शनला यायची, बारामतीला, माझ्याकडं. तुम्हाला सांगायची, नातीची आठवण आली म्हणून चालले.

मल्हारराव : मी म्हणालो होतो तिला. लईच माया आलीय नातीची, म्हणालो होतो.

गुरुजी : थांबायचे का, आबा?

मल्हारराव : न्हाय. विचारा पुढचं.

गुरुजी : पुढचा प्रश्न मला विचारवत नाही. शेवटी त्या काय बोलल्या, असा तो आहे.

मल्हारराव : मी नव्हतो. सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय, मी कुठं होतो.

गुरुजी : कोऱ्हाळ्यात होता. दहाव्याला. आणि हातात माझा कागद होता.

मल्हारराव : म्हस्कू ड्रायव्हर पुढं येऊन फोन दाखवत होता. त्याला मीच सांगून ठेवलेलं, मी बोलताना मधी यायचं न्हाय. हातानं त्याला बस म्हणालो. राहिलेला अर्धा कागद बोललो.

मनिषा : मी सहा वेळा फोन केला होता.

गुरुजी : कोऱ्हाळ्यात वारलेल्या त्या म्हाताऱ्याला तुम्ही आयुष्यात दोनदा भेटला होता. सख्खा भाऊ गेल्यासारखे वाटते, असे मी लिहिले. वाक्य चांगले उतरले, याचा मला त्या दिवशी आनंदही झाला होता. आबा, मी नकार देतो आहे तो रुसून नव्हे. तुम्हाला इतकी वर्षे मी तयार दुःख पुरवले. उद्या तरी ते माझ्या हातून होऊ नये.

मल्हारराव : शेवटाला काय म्हणाली गं ती?

मनिषा : राहू द्या आबा.

मल्हारराव : सांग.

मनिषा : गाडी वाजली का, म्हणाली. मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. तेव्हा मी हो म्हटलं.

मल्हारराव : हे माइकवर बोलता यायचं न्हाय, गुरुजी.

गुरुजी : नाही. म्हणून बोलूच नका.

मल्हारराव : मी उठलो न्हाय तर लोकं म्हणतील, म्हातारा संपला.

गुरुजी : काही जण म्हणतील. उरलेल्यांना एवढेच दिसेल, की एका माणसाची बायको गेली आहे. तुमच्या मतदारांनी ते तुमच्याकडून फार ऐकले. एकदा पाहू द्या.

मल्हारराव : आन् रणजित?

गुरुजी : त्याची आईही गेली आहे. त्यालाही कुणीतरी ते सांगायला हवे.

मल्हारराव : मनिषा, दादाला बोलवून घे. म्हणावं, उद्या माइक लावायचा न्हाय. ज्याला बोलायचंय त्यानं घरी येऊन बोलावं. नाव कुणाचंच पुकारायचं न्हाय, माझं न्हाय, त्याचंबी न्हाय. भांडंल तो. भांडू दे, मी बघतो.

मनिषा : बोलावते.

मल्हारराव : गुरुजी, एक विचारू? एवढ्या दहाव्यांना गेलो, पर उतरलो की थेट माइकपशी. कागद संपला की गाडीत. घरची माणसं खाली बसलेली असायची, तेवढं दिसायचं.

गुरुजी : विचारा ना.

मल्हारराव : त्यात नवऱ्यानं कुठं बसायचं असतं?