कप्तानाला होडीत कुणी घातलं?

महाडच्या स्टँडवर पोलादपूरच्या एष्टीला रांग लागली होती. दातार गुरुजींच्या पुढंच त्यांच्या सातवीच्या वर्गातली रखमा काकीबरोबर उभी होती. तिचं मागं लक्ष नव्हतं.

"भोपळा दिला? इचारलं काय होतं गो?"

"तीनशे वर्सांमागचा इंग्रजांचा आरमारी कप्तान. तीन लढाया मारल्या, चौथीत बोट बुडाली, तरी बचावला नि मोठा सरदार झाला. बचावला कसा, ते लिवायचं होतं."

"मग?"

"मी लिवलं, आपल्या चांगूकाकानं त्याला होडीत घातला, नि बोटीच्या भट्टीवरच्या गड्यांना आणायला काका परत खाली गेला."



"काकानं होडीत घातला तो सायब येगळा, बाय. तुझा काका भट्टीवर व्हता ती बोट जर्मनच्या लढाईत बुडाली, नि तोबी तिच्यासंगं."

"पुस्तकात वाचवणाऱ्याचं नाव नाय. नुसतं 'होडीतून बचावला' हाय."

"मग यालाबी कुणीतरी होडीत घातलाच आसंल की."

"माझा पेपर गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला. सगळी हसली."

"गुरुजीबी?"

रखमानं सहज मागं पाहिलं आणि झटकन मान खाली घातली.

"नाय काकी. गुरुजी नाय हसले."

सगळ्यांच्या आधी हसलेले गुरुजी हळूच रांगेतून बाहेर पडले. एष्टी आली, भरली, निघून गेली. ते तिथंच उभे होते.