द्वारका सखाराम म्हंजी मी

माझा जनम चाकनच्या अंगाचा, भामा नदीच्या अलीकडं एक वाडी हाय तिथला, पन काय सांगू ताई तुमाला, कोनी गाव इचारलं की मला आदी हसूच येतं, कारन त्या गावात मी ऱ्हायले किती, तर पाच वर्सं, आन् त्यातली तीन काय आठवत बी न्हाईत. आमचे आबा गवंडी. सखाराम गवंडी म्हनलं की ह्या पट्ट्यात लोक वळखायचे, त्यांच्या हातची भित ओळंब्यात असायची, बोटभर हिकडं न्हाई की तिकडं न्हाई. त्यांचे थोरले भाऊ तात्या, म्हंजी माझे चुलते, त्ये मुकादम. तात्यांनी काम धरायचं, मानसं गोळा करायची, आन् आबांनी भित बांदायची, असं ठरल्यालं. तात्यांनी काम दिलं तर आमची चूल पेटायची, ही गोष्ट ध्यानात ठेवा ताई, पुढं लागनार हाय.

तवा ह्या बाजूला नुसती बांदकामं निघाल्याली. पैलं देहूरोडला लष्कराची गुदामं, मंग चिंचवडला चाळी, मंग पिंपरीला फाळनीत आलेल्या सिंधी लोकांच्या खोल्या, मंग तळेगावला, मंग परत चाकनला. भित सपली की बिऱ्हाड उचलायचं. दोन पातेली, एक परात, घमेलं, थापी, ओळंबा आन् आमी. ज्या खोल्या आमी बांदायचो त्यात दुसरी मानसं ऱ्हायला यायची आन् आमी त्याच्या बाजूला पत्र्याखाली. आई म्हनायची, आपन समद्यांला घरं देतो आन् आपन उगड्यावर. आबा म्हनायचे, गप ए, भाकर थाप.

पन मला शाळंचं याड लागल्यालं. कुनी लावलं म्हनाल तर कुनीच न्हाई. देहूरोडला गुदामाच्या अलीकडं शाळा व्हती, आई विटा वाहायला गेली की मी भायेर खिडकीला जाऊन उभी ऱ्हायची, तर एक दिस मास्तर म्हनले, उन्हात काय उभी ऱ्हातीस, आत बस की. झालं. तिथनं मी जी बसली ती सातवीपातूर उठली न्हाई. मदी खाडे पडले, वर्सं गेली, एका वर्गात दोनदा बसली, त्ये सोडा.

आता शाळा बदलायची म्हंजी पैल्या शाळंचा दाखला लागायचा. ह्यो दाखला जवर हातात न्हाई तवर नवा मास्तर पटावर नाव घालायचा न्हाई. आन् आमचं बिऱ्हाड कदी उठंल ह्याचा काय नेम न्हाई. देहूरोडचं काम एका दिसात सपलं, तात्या म्हनले चला, आन् आमी चिंचवडला आलो ते दाखला न घेताच. चिंचवडचे मास्तर म्हनले, पोरी, दाखला आन, मंग ये. आबांला म्हनलं, आबा, आनून द्या. आबा म्हनले, एक रोज बुडवून मी तुझ्या कागदामागं जाऊ व्हय? मंग मीच गेली. नऊ-धा वर्साची असंन. रस्ता ठावं न्हाई, पन रूळ ठावं व्हता, रूळ धरून चालली, आकुर्डी लागली, ती वलांडून फुडं देहूरोड. खडीनं पाय सोलपाटून निघाले. मास्तरांनी बघितलं आन् म्हनले, अगं, तू यवढ्यासाठी चालत आलीस? पानी पाजलं, आन् दाखला लिवला. शाळा सोडन्याचं कारन, वडलांचं स्थलांतर. वर्तनूक, चांगली. आन् मला वाचून दाखीवलं. ती वर्तनूक चांगली मी येताना समद्या वाटंनं म्हनत आली.

गुदामावरल्या एका शिपायानं मला बिस्किटाचा रिकामा डबा दिल्याला, पत्र्याचा, घट्ट झाकनाचा. माझे कागद त्यात. बिऱ्हाड उठलं की आई पातेली उचलायची, मी डबा उचलायची.

आता हौसा. हौसा म्हंजी तात्यांची लेक, माझ्यापरीस तीन वर्सांनी थोरली. एका पत्र्याखाली वाढलो आमी, एका ताटात जेवलो. तिचं लगीन लौकर केलं आन् नवऱ्यानं वर्साच्या आत टाकली, दुसरी करून घेतली. आली माघारी. तात्या मुकादम मानूस, चार मानसांत मान, पन लेकीपायी खाली बघायची येळ आली. तवा मीच म्हनलं, तात्या, हौसाला माझ्यासंगं फायनलला बसवा, सातवी पास झाली तर मास्तरीन व्हईल. तवा सातवी पास बाईला शाळंत घेत व्हते बघा, बायाच मिळायच्या न्हाईत. मी तिला शिकीवलं. भाकऱ्या थापता थापता पाढे, धुनं धुता धुता कविता. परीक्षेला दोघी तालुक्याला, खेडला गेलो. मी पास झाली. हौसा गनितात गेली. परत बसली, परत गेली. रडली माझ्या गळ्यात पडून. मी बी रडली तिच्यासंगं, याडीवानी.

मंग माझं लगीन ठरलं, काळेवाडीला. तवाची काळेवाडी म्हंजी नदीकाठचं शेतीचं गाव, मळे आन् म्हशी. माझी एकच अट, मी मास्तरकी करनार. सासरे म्हनले, करू दे की, आमच्या घरात मास्तरीन आली तर बरंच हाय. लगनात सुनंचं नाव बदलत्यात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिवतो, ते तुमाला ठावं असंन. आमचे मालक लई सरळ मानूस, त्यांनी हळूच इचारलं, तुझं हाय तेच ठेवायचं का? आन् मी काय म्हनलं ठावं हाय? तुमी ठेवाल त्ये. लाजली मी. साती शाळांत, न्हाई, पाची शाळांत जे नाव पटावर घालन्यासाठी मी पाय सोलले ते नाव मी लाजून देऊन टाकलं. त्यांनी इंदुमती लिवलं, साखर वाटली, द्वारका सखाराम सपली.

डबा म्हायेरीच ऱ्हायला. मी घेतलाच व्हता हातात, तर आबा म्हनले, ऱ्हाऊ दे हितं, मळ्यातल्या वल्या घरात वाळवी लागंल, अर्ज करायच्या वक्ताला मी सोता आनून देतो. बाप म्हनतोय म्हनल्यावर कोन शंका घेतं वो? मी झाकन घट्ट लावलं आन् त्यांच्या हातात दिला.

दिवाळसनाला गेली, म्हनलं आबा, डबा. आबा म्हनले, तात्याकडं हाय, देतो. संक्रांतीला गेली, म्हनले, तात्या कामावर हाय. आखितीला गेली तर डबा फळीवरच दिसला. उगाडला. आत सुया, बटनं आन् दोऱ्याचं रीळ. म्हनलं, आबा, माझा फायनलचा कागद? दाखला? आबा थापी घासत बसलेले, मान वर केली न्हाई. आई चुलीत फुकत व्हती, चूल पेटल्याली व्हती तरी फुकत व्हती. तवाच मला कळलं की हिला बी ठावं हाय.

आबा म्हनले, हौसाला नोकरी लागली. म्हनलं, हौसा कुटं पास झालीया? तर म्हनले, तुझ्या कागदावर लागली. त्या वक्ताला कागदावर फोटू नसायचा ताई, नाव आन् जन्मतारीख, बास. हौसा तिकडं लांबच्या वाडीवर द्वारका सखाराम म्हनून शिकवायला गेल्याली. मी म्हनलं, आबा, मी जित्ती हाय की. तर आबा म्हनले, अगं, तू इंदू. द्वारका सखाराम ह्या नावाचं आता कोन राहिलंय? कागद पडूनच व्हता. तुला घर हाय, नवरा हाय, हौसाला कोन हाय? आन् तात्यानं काम दिलं न्हाई तर आमी खायाचं काय?

ओळंब्यात भित बांदनारा मानूस. मला दुसऱ्या कुनी फसवलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या, भांडली असती. बापाला काय म्हनू? मी यवढंच म्हनलं, आबा, मी रुळानं चालत गेल्याली. आबा म्हनले, व्हय, ठावं हाय. आन् थापी घासाय लागले. मी सुया-बटनांसकट डबा उचलला आन् निघाली.

मालकांला सांगितलं.  त्ये म्हनले, तक्रार करू आपन, पन चौकशी लागली तर हौसा आत जाईल, तुझा बाप बी जाईल. तू सांग. म्हंजी माझ्यावरच आलं. मी न्हाई केली तक्रार. लोक म्हनतील मनाची मोठी. मोठी कसली, बापाला बेड्या बघायची ताकद न्हवती, यवढंच. पन आबांच्या घरचं पानी मी त्या दिसापासनं प्याले न्हाई. आई गेली तवा बी घागर घरनं नेली.

हौसा एकदा काळेवाडीला आली. म्हनली, तूच शिकीवलंस मला, मी पोरांला चांगलं शिकवीन, तुझं नाव खराब करनार न्हाई.  खरं सांगायचं तर चांगलं शिकीवलं तिनं. चाळीस वर्सं. माझी जन्मतारीख व्हती म्हनून तीन वर्सं जादाच नोकरी झाली तिची, माझ्या वयानं तेवढी बी कमाई करून दिली. मी शेनं थापली, म्हशी धुतल्या, माझ्या लेकी शिकीवल्या. दोघी बी शिकल्या. कागद त्यांच्याच पेटीत, किल्ली त्यांच्याच गळ्यात.

तिच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मला पत्रिका आली. वर ठसठशीत, श्रीमती द्वारका सखाराम वाळुंज यांचा सेवापूर्ती सत्कार. गेली मी, का गेली कुनास ठावं. एक साहेब बोलाय उभे ऱ्हायले, म्हनले, बाईंचं बालपण अत्यंत हलाखीत गेलं, वडील गवंडी, सतत स्थलांतर, पाच शाळा बदलल्या, एकदा तर दाखल्यासाठी ही चिमुरडी लोहमार्गानं चिंचवडहून देहूरोडला अनवाणी चालत गेली. समद्यांनी टाळ्या वाजीवल्या. कागदाचं मी सोसलं व्हतं ताई, पन माझे पाय बी तिनंच घेतले? मी टाळी वाजीवली न्हाई. हौसा माझ्याकडं बघत व्हती. सत्कार झाल्यावर आली, शाल माझ्या अंगावर घालाय लागली, म्हनली, ही तुझी. मी म्हनलं, शाल नको, नाव दे. तर रडत म्हनली, कसं देऊ गं, पेन्शन नावावर हाय.

गेल्या साली हौसा वारली. तिला मूल न्हाई, भाऊ लांब, तर कागदपत्र कुनी करायचे? परत मीच गेली. ह्या खेपंला रिक्षानं. कचेरीच्या खिडकीत एक पोरगी बसल्याली, म्हनली, आजी, मयताचं नाव? म्हनलं, द्वारका सखाराम वाळुंज. किती वर्सांनी माझ्या तोंडून निघालं ते. म्हनली, मयताशी तुमचं नातं?   म्हनलं, लई जवळचं. तिनं चुलत बहीन लिवलं आन् मयताचा दाखला हातात दिला.

त्यो हाय बघा त्या डब्यात, सुया-बटनांच्या खाली. सरकारात मी मेल्याली हाय आन् हितं बसून तुमच्यासंगं च्या पितीया. आता कुनाची नोकरी जात न्हाई, पेन्शन जात न्हाई, म्हनून सांगितलं. तुमी ह्ये लिवून घेताय त्याच्या वर नाव माझं घाला, द्वारकाच घाला. तुमी शिकलेल्या लेकी, सुखात ऱ्हावा, लगीन करा, नाव बदला न्हाईतर नका बदलू, पन आपला कागद बापाच्या हातात बी देऊ नका. च्या घ्या, गार झाला.