आईच्या हातची काकडी

एस्टोनियातल्या तार्तू शहरातल्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या माल्लेला मागच्या बाकावरचं म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"पोटात दुखतंय का रे, एंडेल?"

"अजून नाही. पण बरणीच्या झाकणावर एकोणीसशे ब्याण्णव लिहिलंय, हेल्वे!"

"मग अख्खी बरणी कशाला फस्त केलीस?"

"आईच्या हातची शेवटची खारवलेली काकडी होती ती! शेपूचा तो वास आला आणि डोळ्यांत पाणीच आलं. तुला जन्मात तशी जमली नाही."

"तळघरातल्या खालच्या फळीवरची ना?"

"हो."

"ऊठ. घरी चल."

"अगं, डॉक्टर?"

"गेल्या ऑगस्टमध्ये मीच घातलीय ती. सासूबाईंची झाकणं मी कधी फेकलीयत का?"

माल्लेनं मासिक तोंडासमोर धरलं.

"आता परत बोल. जन्मात काय जमलं नाही मला?"

"थांब, हेल्वे. आता मात्र दुखायला लागलं."