कागलच्या दोन पाटलांचं एक फोल्डर

कॉम्प्युटर चुकत न्हाय म्हणताय व्हय? मग ऐका लगा. आपल्या फोटो स्टुडिओसाठी मीच एक छोटी स्क्रिप्ट लिहिलेली. आडनाव, गाव, तारीख टाकली की लग्नाचं फोल्डर आपोआप तयार, आत हळद, अक्षता, वरात सगळं वेगवेगळं. त्या नावाचं फोल्डर आधीच असलं, तर फोटो त्यातच जायचे. आता कागलात एका मुहूर्तावर एकाच पाटलाचं लग्न असतंय काय? पण डोक्यात आलं न्हाय.

नवरीचे वडील, पाटील काका, फोटो बघायला आले. मी टीव्हीवर वरातीचे फोटो लावले.

"ही पोरगी आमची न्हाय."

दोन पाटलांची लग्नं एकाच फोल्डरात मिसळलेली.

"चूक झाली काका, बंद करतो."

"हात लावू नको."

पडद्यावर गुलालानं माखलेला एक माणूस फेटा उडवत नाचत होता. काका उठून टीव्हीजवळ गेले.

"ह्यो माझा मेव्हणा. पोरीचा सख्खा मामा. ताप आलाय म्हणून आमच्या लग्नाला आला न्हाय. पोरीला बोहल्यावर आणायला आम्ही मामाच्या जागी शेजारचा माणूस उभा केला."

मी म्हटलं, "तुमचे फोटो उद्यापर्यंत वेगळे करून देतो की."

"ते दे सावकाश," काका म्हणाले. "ह्यो एक तेवढा मोठा करून फ्रेम कर. आत्ताच. दुपारी त्याच्याकडंच जेवायला जायचंय, मोकळ्या हातानं कसं जाऊ?"