प्रसन्नने परत केलेलं ड्रिल

नाही, तुम्हीच सांगा, ह्याला मित्र म्हणायचं? आपला मयुरेश, जर्मनीत आखन शहरात इलेक्ट्रिक मोटर डिझाइन करणारा इंजिनियर, आणि प्रसन्न त्याचा कॉलेजपासूनचा जिवलग. नव्या फ्लॅटचं किचन बसवायला मयुरेशचं ड्रिल घेऊन गेला, 'एका दिवसासाठी रे!' आणि परत आणलं कधी? अख्खा हिवाळा उलटल्यावर! वर पाठीवर थाप, 'काय दणकट मशीन आहे राव!' मयुरेश खूश. आपलाच माणूस हो!

तर सासूबाई पुण्याहून लाकडी देवघर घेऊन आल्या. जावईबापूंनी ऐटीत ड्रिल भिंतीला लावलं... आणि तुम्हाला सांगतो, फटफट ठिणग्या, जळका वास, घर्रर्र... ठप्प! सासूबाई म्हणतात, 'अहो मयुरेशराव, ऑफिसात तुम्ही मोटरचंच काम करता ना?'

प्लग काढून बाजूची झाकणं उघडली, तर आतले कार्बन ब्रश... अहो, फिरत्या मोटरला वीज पोचवणारे ते कोळशाचे तुकडे हो, झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढे उरलेले! एका किचनने इतके झिजतात? लावला फोन. प्रसन्न म्हणतो, 'आल्झो... म्हणजे, बायकोच्या मैत्रिणीचा पण फ्लॅट केला. आणि तिच्या दिराचा.' आपलाच माणूस हो!

ब्रश मागवले. आले त्या दिवशी मयुरेश ऑफिसातून थेट तळघरात. जुने काढले, नवे घालताना स्प्रिंग उडून कपाटाखाली, ती पालथं पडून शोधली, बसवली, बटण दाबलं... भुर्रर्र! काय तो आवाज! ड्रिल घेऊन धावत वर, 'आई, कुठे लावू देवघर?' बघतो तर देवघर भिंतीवर, समई तेवतेय! लेक अन्वी जर्मनमध्ये म्हणते, 'पापा, ऑंकेल प्रसन्न वार हिअर!' हा इथे आला होता? आणि भोकं कशाने पाडली? तर नंदिनी, सख्खी बायको, म्हणते, 'अरे, त्याच्याकडे स्वतःचं नवं ड्रिल आहे ना, दिवाळीतच घेतलंय.'

दिवाळीत! म्हणजे स्वतःचं खोक्यात जपून हा मयुरेशचं झिजवत होता?

आणि रविवारी सासूबाईंनी पुरणपोळीला बोलावलं कोणाला? प्रसन्नला! तूप वाढतोय कोण? मयुरेश! पोळी मोडत प्रसन्न म्हणतो, 'झालं का रे दुरुस्त? बरं झालं! बाथरूमच्या टाइल्सना माझं नवं लावायला जीव होत नाही.'

आपलाच माणूस! तुम्हाला वाटेल, मयुरेश भांडला असेल... छे! दिलं की हो त्याने! वर ब्रशची जास्तीची जोडी पिशवीत टाकली. म्हणाला, 'असू दे. लागेलच तुला.'